एसीमुळे एमसीबी पडते, तेव्हा आधी घड्याळाकडे पाहावे

सांगलीत गावभागातील आपल्या तळमजल्यावरच्या घरी दीड टनाचा, सात वर्षे जुना खिडकीचा एसी आहे. दुपारी तो सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत १६ अँपिअरची एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका) पडते, वीज जाऊन आली की ती काही सेकंदांतच पडते, आणि वायरमनने ३२ अँपिअरची एमसीबी बसवायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. हा सल्ला आधी बाजूला ठेवावा. एमसीबी असते ती भिंतीतील वायर वाचवण्यासाठी. आपली वायर बहुधा अडीच चौरस मिलिमीटरची असेल, आणि सॉकेट तर १६ अँपिअरचेच असते. त्यावर ३२ची एमसीबी बसवली, तर खटका पडायचा थांबेल, पण जे तापते आहे ते भिंतीच्या आत, कोणाला न दिसता तापत राहील.

मिरज-सांगली भागात एसी दुरुस्तीला गेलो की माझा पहिला प्रश्न असतो, खटका नेमका केव्हा पडतो? बटण दाबताक्षणी पडत असेल, तर शॉर्ट सर्किट शोधावे लागते. तसे आपल्याकडे होत नाही. आपण सांगितलेल्या वेळा दोन आहेत, आणि माझ्या मते दोषही दोन आहेत.

पंधरा-वीस मिनिटांनी पडणारा खटका हा उष्णतेचा असतो. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापून वाकली की खटका पडतो. १६ अँपिअरची चांगली एमसीबी १८ अँपिअरवर तासभर तग धरते आणि सुमारे २३ अँपिअरवर तासाभराच्या आत पडते. दीड टनाचा खिडकीचा एसी चालताना साधारण ७ ते ९ अँपिअर घेतो. म्हणजे एसी तिप्पट वीज खेचत असेल, किंवा त्याच एमसीबीवर इस्त्री, ओव्हन असे दुसरे काही चालत असेल, किंवा पट्टीला बाहेरून उष्णता मिळत असेल. यातले खरे काय, हे क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून प्रवाह मोजणारा मीटर, दोन मिनिटांत सांगतो. खटका पडण्याच्या थोडे आधी फेजच्या एकाच वायरीवर मीटर लावावा; तेव्हा ८ अँपिअर दिसले आणि तरीही एमसीबी पडली, तर एसीला दोष देण्यात अर्थ नाही.

मग डीबी, म्हणजे एमसीबी बसवलेली पेटी, पाहावा. मेन स्विच बंद केल्यावरही मीटरकडून त्याच्यापर्यंत येणारी बाजू जिवंत राहते, म्हणून हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. एमसीबीचा खालचा स्क्रू ढिला असला की तेथे ठिणगी धरते, तांबे काळे पडते, वायरचे आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक होते, आणि ती सगळी उष्णता पट्टीपर्यंत पोहोचते. गावभागात हे मी अनेकदा पाहिले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जे डीबी पाण्याखाली गेले, त्यांपैकी काही नुसते वाळवून पुन्हा वापरात आणले गेले. त्यांच्या टर्मिनलांवर हिरवट गंज चढलेला असतो. अशा ठिकाणी स्क्रू आवळून भागत नाही, एमसीबीच बदलावी, मात्र १६ अँपिअरची, ‘सी’ प्रकारचीच, म्हणजे मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा जादा प्रवाह सोसणारी.

मीटरवर १४-१५ किंवा त्याहून अधिक अँपिअर दिसले, तर मात्र एसी उघडावा लागेल. पहिला संशय मागच्या कंडेन्सरवर, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, घ्यावा. मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानात त्या जाळीवर हळदीच्या धुळीचा पिवळा लेप एवढा जाड बसला होता की नखाने खरवडावा लागला. हवा खेळत नाही, गॅसचा दाब वाढतो आणि तो गॅस दाबणारा कॉम्प्रेसर जास्त वीज घेतो.

वीज आल्याबरोबर पडणाऱ्या खटक्याचे कारण वेगळे आहे. एसी बंद पडल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला सुमारे तीन मिनिटे लागतात. त्याआधी वीज आली तर कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, फिरत नाही, आणि चालू प्रवाहाच्या चार-पाच पट वीज खेचतो. त्यातच व्होल्टेज २३० ऐवजी १९० असेल, तर सुरुवातीचा जोर जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. म्हणून वीज गेली की एसीचे बटण बंद करावे, किंवा तीन मिनिटे थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर लावावा. तरीही तेच झाले तर कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर देणारा भाग, तपासून घ्यावा. त्यावर ३६ मायक्रोफॅरॅड लिहिलेले असून मोजल्यावर ३० भरले, तर तो बदलावा. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, तेव्हा डिस्चार्ज केल्याशिवाय कोणी हात लावू नये.

पुरानंतर त्या खोलीची वायर बदललेली नसेल, तर एसीचा प्लग काढून ती ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का हे मोजणाऱ्या यंत्राने, तपासून घ्यावी. १ मेगाओमपेक्षा कमी आले, तर एसीवर खर्च करण्याआधी वायर बदलावी, आणि बदलायचीच झाली तर चार चौरस मिलिमीटरची, डीबीपासून फक्त एसीसाठी स्वतंत्र ओढून घ्यावी.