घटस्फोटानंतर मुलगी आईकडे राहते, पण शाळेची फी मी भरतो. आयकरातली ८०सीची वजावट मला मिळेल का?

हो, मिळेल, आयकर कायद्याच्या कलम ८०सीमधली ट्यूशन फीची (शाळेच्या शिक्षण शुल्काची, खासगी शिकवणीची नव्हे) वजावट फी भरणाऱ्या पालकाला आहे, मुलीचा ताबा कोणाकडे याची अट त्या कलमात नाही. फक्त पैसे तुमच्या खात्यातून थेट शाळेला जाऊ द्या. पोटगीत धरून तिच्या आईला पाठवले आणि फी तिने भरली, तर दावा तिचा. पावतीही नीट बघा: डोनेशन, डेव्हलपमेंट फी यात चालत नाही. निम्मी-निम्मी भरत असाल तर आपापल्या हिश्शापुरती दोघांनाही मिळते, प्रत्येकी १.५ लाखाच्या मर्यादेत (त्यातच पीएफ, एलआयसीही येतात; पगारदारांची ही मर्यादा बरेचदा तिथेच संपते). मात्र हे जुन्या करप्रणालीतच; नवीन निवडली असेल तर ही वजावट नाही.