तेर्सातला त्याचा भाग

गेली सतरा वर्षं मी म्हापशात समुपदेशन करतेय आणि दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "मॅडम, प्रार्थना करते पण काही वाटतच नाही हो, माझी श्रद्धा कमी पडली का?" ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, घराघरात, खुरसाजवळ, कपेलात रोज तेर्स चालू असतो, आणि पाठोपाठ २ नोव्हेंबर येतो, त्या दिवशी सगळे सिमितेरीत जाऊन आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. ज्यांच्या घरात त्या वर्षी मरण झालेलं असतं त्यांना हे दोन आठवडे फार जड जातात. तेर्स म्हणजे रोझरी, जपमाळ, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

मी स्वतः ख्रिश्चन नाही. पेडण्याची, घरात मराठी, पण शाळा सिस्टरांची, त्यामुळे प्रार्थना कानावरून गेलेल्या. आणि हा प्रश्न फक्त ख्रिश्चनांचा आहे असंही नाही, नवरा गेल्यावर "आरतीला उभी राहते पण मन लागत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी बायका माझ्यासमोर बसून गेल्यात. पण आज एका आंटीबद्दल लिहिते, कारण त्यांनी मला जे शिकवलं ते मी नंतर बऱ्याच जणांना वापरलं. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आंटी मूळ वसईच्या, मराठी बोलणारं ख्रिस्ती घर. लग्न होऊन बार्देशात आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा जहाजावर होता, आठ-नऊ महिने बाहेर, दोन-तीन महिने घरी, असं बरीच वर्षं, मग कायमचा घरी आला आणि सात वर्षं दोघं एकत्र राहिले. मार्चमध्ये दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. आंटी माझ्याकडे आल्या तेव्हा आठ महिने होत आले होते. मुलीने जबरदस्तीने पाठवलेलं, ती मडगावला असते आणि तेव्हा गरोदर होती, जानेवारीची तारीख होती.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "देव गप्प झालाय माझ्याशी."

मी विचारलं म्हणजे कसं, तर म्हणाल्या, "आधी तेर्स म्हटला की बरं वाटायचं, बाय. आता बसते, पण समोरून काही येत नाही. पहिलं मिस्तेर, पहिले दहा मणी, कसंबसं होतं आणि मी उठते. पाद्रीला कन्फेशनमध्ये सांगितलं, तो म्हणाला हे पाप नाही, दुःख आहे. पण मला पटत नाही."

पाद्री बरोबर बोलला होता. पुढची दोन सेशन मीही तेच वेगळ्या शब्दांत सांगत बसले, ते सांगणं चुकीचं नव्हतं, म्हणून इथेही लिहिते. प्रार्थनेत गोड वाटणं म्हणजे श्रद्धा आणि कोरडं वाटणं म्हणजे श्रद्धा गेली, असं खुद्द चर्चही मानत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली त्यात दिसलं की त्यांना कित्येक दशकं आत नुसता अंधार वाटत होता, देव जवळ नाही असं वाटत होतं, आणि तरी रोज पहाटे उठून प्रार्थना आणि मग रस्त्यावरचं काम चालूच होतं. २०१६ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं ते हे सगळं माहीत असताना. आणि खुद्द येशू क्रुसावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असं ओरडला, ते बाविसाव्या स्तोत्राचे शब्द आहेत. म्हणजे देवाला जाब विचारणं हीसुद्धा प्रार्थनाच, ती मोठ्या आवाजात केली तरी चालते.

आंटींनी सगळं ऐकलं, मान डोलावली, "देव बरें करूं" म्हणजे कोंकणीत आभार, तेवढं म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात तशाच आल्या.

इथे माझी पद्धत सांगते. मी भावनेच्या मागे फार धावत नाही. भावना विचारली की माणूस विचार करून उत्तर देतो, आणि विचार करून दिलेलं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचं तरी असतं. मी विचारते किती वाजता, कुठे, कोणत्या खुर्चीवर, हातात काय होतं. दुःख रोजच्या सवयीत जाऊन बसतं, आणि सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की आपल्यालाच ती दिसत नाही. इतक्या वर्षांत हे मला एकदाही फसवून गेलेलं नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "आंटी, तेर्स कसा म्हणता ते मला दाखवा, इथेच, ही खोली तुमचा साल, म्हणजे हॉल, समजा."

त्या उठल्या. आल्तार, म्हणजे घरातली प्रार्थनेची जागा, कुठे ते दाखवलं, सायबिणीच्या, म्हणजे मारियेच्या, मूर्तीवरचा छोटा लाल बल्ब कुठे, तो लावायचं काम नवऱ्याचं. त्याची खुर्ची दाराकडे, यांची खिडकीकडे, मध्ये टीपॉय, त्यावर त्याचा चष्मा अजून तसाच. मग बसल्या, पर्समधून रोझरी काढली, लाकडी मण्यांची, हात लावून लावून काळी पडलेली. डोळे मिटले. मी थांबले. बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं रडू येतंय, आणि मग त्यांनी सुरू केलं, "पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, आमेन." मणी सरकवला. परत तेवढीच शांतता. परत "पवित्र मारिये."

सिस्टरांच्या शाळेचा एवढा उपयोग झाला, मला कळलं की काहीतरी राहतंय. ही प्रार्थना अशी सुरू होत नाही.

"आंटी, हे मधूनच का सुरू केलंत?"

"मधून कुठे? हा माझा भाग."

"आणि पहिला?"

"तो त्याचा."

मग त्यांनी सांगितलं. रोझरी दोघांत म्हणतात तेव्हा एक जण प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणतो, बाकीचे दुसरा अर्धा. लग्नानंतर पहिल्या रात्रीपासून तो कोंकणीत म्हणायचा, "नमान मारिये, कुरपेन भरलेले", आणि ह्यांना तेव्हा कोंकणी येत नव्हती म्हणून ह्या मराठीत उत्तर द्यायच्या. नंतर कोंकणी आली, बाजारात, शेजारी, सगळीकडे कोंकणीच, पण ती अर्धी प्रार्थना मराठीतच राहिली, त्यालाही तसंच आवडायचं. अर्धं त्याच्या भाषेत अर्धं तिच्या, एका तेर्सात ५३ वेळा.

"आता त्याचा भाग कोण म्हणतं?"

"कोण म्हणणार? मी थांबते तेवढा वेळ. मग माझा म्हणते."

मी काही बोलले नाही. काही वेळा काही न बोलणं हेच आमचं काम असतं आणि ते शिकायला फार वर्षं जातात. मग फक्त एवढं विचारलं, "आंटी, तुम्ही म्हणालात समोरून काही येत नाही. ही मधली शांतता आहे ना, ती कोणाची आहे?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हातातला मणी तसाच धरलेला. मग एकदम तोंडावर पदर घेतला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा, हे त्यांनीच नंतर सांगितलं, मोठ्याने रडल्या. "तो गप्प आहे गे बाय," म्हणाल्या, "देव नाही, तो गप्प आहे."

घरी जाताना स्कूटरवर माझ्या डोक्यात एकच चालू होतं. ओळखीच्या एका पाद्रीला मी रात्री फोन करून खात्री करून घेतली. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग बायबलमधला आहे, देवदूत आनंदाची बातमी घेऊन आला तेव्हा त्याने मारियेला केलेलं वंदन आणि मग एलिझाबेथचं स्वागत, म्हातारपणी दिवस गेलेली ती बाई आपल्या दारात आलेल्या गरोदर मारियेला म्हणते की स्त्रियांमध्ये तू धन्य. दुसरा अर्धा, विनंतीचा आणि मरणाच्या वेळेचा, चर्चने पुढे जोडला आणि १५६८ च्या प्रार्थनापुस्तकात तो पक्का झाला. म्हणजे एकतीस वर्षं आनंदाचा भाग त्याच्याकडे होता आणि मरणाचा हिच्याकडे, आणि तो गेल्यावर आंटी रोज रात्री फक्त "मरणाच्या वेळी" म्हणत होत्या. आणि मुलगी पोटुशी असताना यंदा नाताळचं नक्षत्र, म्हणजे कंदील, लावायचं नाही, दोदोल ही मिठाई करायची नाही असं आंटींनी ठरवलेलं, बाळाचे कपडे शिवायला घेतले होते तेही बाजूला ठेवलेले. मला ते त्या रात्री लख्ख दिसलं आणि खरं सांगते, आनंद झाला.

पुढच्या सेशनला मी हे सगळं त्यांना सांगितलं नाही. आपल्याला कळलेलं समोरच्याला ऐकवायची घाई समुपदेशकाने करू नये, त्याने समोरच्याचं काम आपण हिरावून घेतो. मी एकच विचारलं, "तो जहाजावर असायचा तेव्हा त्याचा भाग कोण म्हणायचं?"

"पोर म्हणायची," चटकन उत्तर आलं. "एवढीशी होती, सगळं पाठ. पप्पाचा भाग माझा म्हणून भांडायची." हसल्या. मग हसू गेलं. "पण तेव्हा तो परत येणार होता, मॅडम."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी बनवलंही नाही. नातेवाइकांना इथे हात जोडून सांगते, "देवाची इच्छा", "तो आता सुखात आहे", "तू खंबीर हो" हे पहिल्या वर्षात तरी बोलू नका. खरं असेल, पण ते त्या बाईला स्वतःच्या वेळेला स्वतः म्हणू द्या. तुम्ही जेवण घेऊन जा, तेर्साला जाऊन बसा, त्याच्याबद्दल एखादी आठवण सांगा, नाव घ्यायला घाबरू नका.

उत्तर पुढच्या आठवड्यात त्यांनीच आणलं. "रोझरीच्या सुरुवातीला आम्ही विश्वासांगीकार म्हणतो ना, त्यात आहे, मेलेल्यांचं पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन. इतकी वर्षं म्हटलं, कधी कानात शिरलं नाही. आधी मी वाट बघायची आणि तो यायचा. आता तो वाट बघतोय आणि मी जाणार."

ऐकायला किती सुंदर, पण मी सावध झाले आणि सरळ विचारलं, "आंटी, आत्ता मरून जावं, जीवाचं काही करावं असं मनात येतं का?" असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन विचार घुसत नाही, उलट असेल तर बाहेर यायला वाट मिळते, त्यामुळे घरच्यांनीही असं सरळ विचारायला घाबरू नये. आंटी म्हणाल्या, "छे गे, जानेवारीत बाळंतपण कोण करणार?" मी तरी झोप, जेवण, बीपीच्या गोळ्या सगळं विचारून घेतलं. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही. कित्येक आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं माणूस बोलतंय, तर तेर्स म्हणा आणि डॉक्टरकडेही जा, बांबोळीला आयपीएचबी हे मनोरुग्णालय आहे, आणि १४४१६ ही टेलिमानसची मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, रात्रीही चालते. देवाकडे गेलेलं माणूस डॉक्टरकडे गेलं म्हणून देव रागावतो असं मला आजवर एकाही शहाण्या पाद्रीने सांगितलेलं नाही.

आंटींना मी एकच काम दिलं. घरी एकटीने ती शांतता भरायची नाही. मुलीला फोन करायचा, आणि ह्या वेळी पप्पाचा भाग तुम्ही घ्यायचा, तुमचा भाग तिला द्यायचा.

"कोंकणीत?"

"त्याचा भाग आहे तर त्याच्याच भाषेत ना."

दोन आठवडे फोन केलाच नाही. लाज वाटली, तोंडातून फुटेना, मग वाटलं मुलीला रडवीन. मी घाई केली नाही. कोणाला ह्याला एक महिना लागतो कोणाला दोन वर्षं, आणि ज्यांच्या घरी म्हणायला कोणीच नाही त्यांना मी वाड्यावरच्या तेर्साला जाऊन बसायला सांगते, नुसतं बसायचं, तोंड उघडलं नाही तरी चालेल, बाकीच्यांचा आवाज अंगावरून जाऊ द्यायचा. प्रार्थना शेकडो वर्षं घोळक्यात म्हटली गेलीय ते काही उगाच नाही, एकाचं तोंड बंद झालं की दुसरा पुढे नेतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आंटी आल्या त्या बसायच्या आधीच सांगू लागल्या. आदल्या संध्याकाळी इगर्जीची, म्हणजे चर्चची, आंजेलूस प्रार्थनेची घंटा झाली, बल्ब स्वतः लावला, फोन टीपॉयवर चष्म्याच्या बाजूला स्पीकरवर ठेवला. मुलीला म्हटलं तू माझा घे, मी पप्पाचा घेते. पलीकडे एकदम शांत. मग ह्यांनी "नमान मारिये" म्हटलं, आवाज फाटला, थांबल्या, परत म्हटलं. आणि पलीकडून मराठीत आलं, "पवित्र मारिये, देवाच्या माते", अगदी ह्यांच्याच चालीत, वसईच्या हेलात. पोर कधी वसईला राहिलेली नाही.

"मी रडले, ती रडली, पण थांबलो नाही," आंटी म्हणाल्या. पहिलं मिस्तेर संपलं तर मुलगी म्हणते, "मम्मी, पप्पा एवढं सावकाश म्हणत नव्हता, तू असं म्हटलंस तर जेवायला नऊ वाजतील." मग दोघी हसल्या, आणि आंटींनी दुसरं मिस्तेर त्याच्यासारखं घेतलं, एका दमात, "कुरपेन भरलेले" वर जराही न थांबता.