सॉरी तिला एकटीला नको, नाव सगळ्यांसमोर घे

अरे, तुझा मेल रात्री वाचला. ग्रुप मीटिंगमध्ये तुमच्या मापनात नॉइज कुठून येतोय ते तुझ्या ग्रुपमधल्या त्या मुलीने आधी सांगितलं, कोणी लक्ष दिलं नाही, दहा मिनिटांनी तेच तू बोललास तर सर म्हणाले व्वा, मस्त आयडिया, आणि मग बाहेर आल्यावर तू तिला सॉरी म्हणालास. तुला टोचलं हे मला फार बरं वाटलं, पण सॉरी फक्त तिने ऐकलं ना, आणि आयडिया तुझी हे मात्र सगळ्या ग्रुपच्या डोक्यात पक्कं बसलं. तेव्हा पुढच्या वेळी तुझी स्लाइड आली की पहिल्यांदा हेच बोल, ग्राउंड लूपचं, म्हणजे अर्थिंग एकाहून जास्त ठिकाणी जोडल्याने नॉइज येतो हे, तिने सांगितलं होतं, मी त्यावरून सगळं अर्थिंग एका पॉइंटला आणलं आणि मेन्सच्या विजेचा ५० हर्ट्झचा नॉइज खाली बसला. बास. मोठा माफीनामा नको, नाहीतर परत सगळं तुझ्याबद्दलच होईल.

तुला वाटेल एवढ्याने काय होतंय. १९०३ च्या फिजिक्सच्या नोबेलसाठी, रेडिओअ‍ॅक्टिव्हिटीच्या कामाबद्दल, फ्रेंच अकॅडमीतल्या लोकांनी नावं पाठवली ती पिएर क्युरी आणि फिजिसिस्ट बेकरेलची, पिएरच्या बायकोचं, मेरीचं, नावच नाही. मिटाग-लेफ्लर नावाच्या स्वीडिश गणितज्ञाने हे पिएरला कळवलं, पिएरने उलट पत्र लिहिलं की या कामाचा विचार करणार असाल तर आम्हा दोघांचा मिळून करा, आणि तेव्हा कुठे मेरी त्यात आली. अरे मेरी क्युरी! तिच्यासाठीसुद्धा कोणालातरी पत्र लिहायला बसावं लागलं.

लेझरवर काम करणाऱ्या फिजिसिस्ट डोना स्ट्रिकलंडचं बघ. लेझरचा पल्स आधी ताणायचा, मग अ‍ॅम्प्लिफाय करायचा, मग परत दाबायचा, हा तिचा पेपर १९८५ चा, पीएचडी करत असतानाचा. त्याच कामाला २०१८ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ती असोसिएट प्रोफेसर होती, कारण फुल प्रोफेसरसाठी अर्जच केला नव्हता असं तिनेच सांगितलं. लोक म्हणतात मग चूक कोणाची, अर्ज नको का करायला? मला हे अजिबात पटत नाही. कित्येक जणांना सीनियर माणूस येता जाता म्हणत असतो, अरे भर की फॉर्म, लेटर मी देतो. बायकांना हे म्हणणारं माणूस लागतं आणि ते तू आत्तापासून होऊ शकतोस, त्याला प्रोफेसर व्हावं लागत नाही. पोस्टर प्राइझ असो, स्टुडंट टॉक असो, डेडलाइन दिसली की तिला लिंक पाठव, आणि स्पीकर सुचवायला सांगितलं तर तिचं नाव तिच्या कामासकट लिही.

पुढे तू रेकमेंडेशन लेटर्स लिहायला लागशील तेव्हा माझी चूक करू नकोस. मी एकदा माझीच जुनी लेटर्स शेजारी शेजारी ठेवून वाचली. मुलांसाठी लिहिलेलं, कल्पक, स्वतंत्र विचार करणारा. मुलींसाठी, मेहनती, मनमिळाऊ, लॅबमध्ये सगळ्यांना मदत करते. त्यातल्या एकीने अख्खा व्हॅक्यूम सेटअप स्वतः डिझाइन केला होता आणि मी एक बाई असून मदत करते असं लिहून मोकळी झाले होते, फार लाज वाटली. आता मी आधी तिने काय शोधलं, काय बांधलं तेच लिहिते, स्वभाव नंतर, जागा उरली तर.

आणि पैसा विसरू नकोस. जोसलिन बेल बर्नेलने १९६७ मध्ये चार्ट पेपरच्या भेंडोळ्यांमधून पल्सारचा, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ पल्स पाठवणाऱ्या ताऱ्याचा, सिग्नल हुडकला तेव्हा ती पीएचडी करत होती, १९७४ चं नोबेल तिच्या गाइडला आणि रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमर मार्टिन राइलला मिळालं. पुढे २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं तर तिने ते सगळं, फिजिक्समध्ये ज्यांची संख्या कमी आहे अशांच्या पीएचडी स्कॉलरशिपसाठी देऊन टाकलं. नुसतं कौतुक केलं नाही तिने.

तुझ्याकडे आत्ता पैसे नाहीत, पण ड्राफ्ट आहे ना तुझ्याकडे? नॉइजवाला डेटा त्यात जाणार असेल तर ऑथर लिस्टचा विषय आत्ताच काढ, ती समोर असताना, सबमिट करायच्या आदल्या रात्री नाही. आणि सर काय म्हणाले ते मला कळव.