साखरपुड्याच्या अंगठीत पुष्कराज : वाचकांचे प्रश्न

साखरपुड्याला हिऱ्याऐवजी पुष्कराज घ्यायचा म्हणणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. सारख्या शंका एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : झवेरी बाजारात दोन खडे पाहिले. एक २.१० कॅरेटचा, फिकट लिंबू रंगाचा, दुकानदार त्याला सिलोनी म्हणाला. दुसरा तेवढ्याच वजनाचा, गडद सोनेरी, ‘बँकॉक’ नावाचा. गडद खडा कितीतरी स्वस्त होता. असे का? आणि कोणता घ्यावा?
— एक वाचक, दादर

रंग भरला तर भाव चढतो, हा नेहमीचा हिशेब इथे उलटा पडलाय तो भट्टीमुळे.

पुष्कराज आणि नीलम ही एकाच खनिजाची भावंडे. खनिजाचे नाव कोरंडम. पुष्कराजाचा पिवळा रंग मुख्यतः त्यातल्या लोहामुळे येतो. सिलोनी म्हणजे श्रीलंकेचा. तिथल्या रत्नपुरा भागातला माल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतो. ‘बँकॉक’ हे नाव मात्र खाणीपेक्षा प्रक्रियेचे समजावे. थायलंडमध्ये रत्ने तापवण्याचा मोठा धंदा आहे आणि तिथे देशोदेशीचा कच्चा माल जातो. २००१-०२ च्या सुमारास लक्षात आले की तिथून येणाऱ्या भडक पिवळ्या आणि केशरी खड्यांपैकी पुष्कळ खडे बेरिलियम या मूलद्रव्यासोबत साधारण १८०० अंश सेल्सिअसला तापवलेले आहेत. एवढ्या उष्णतेत बेरिलियम खड्याच्या आत शिरते आणि जवळजवळ रंगहीन, कवडीमोलाचा कोरंडमही सोनेरी होऊन बाहेर पडतो. हा रंग टिकतो, पण असा माल हवा तेवढा बनवता येतो. म्हणून तो स्वस्त असतो, आणि स्वस्तच मिळायला हवा.

नुसते तापवणे ही वेगळी गोष्ट. त्यात बाहेरून काही घातले जात नाही, खड्यातल्याच लोहाचा रंग उठाव घेतो आणि कायम राहतो. बाजारात याला ‘हीटेड’ म्हणतात. भावाची उतरंड साधारण अशी : रंग-पाणी सारखे असेल तर न तापवलेला सर्वांत महाग, मग नुसता तापवलेला, आणि बेरिलियमचा खूप खाली.

आमचे मत स्पष्ट आहे. अंगठी सौंदर्यासाठी घेत असाल तर नुसता तापवलेला, पण तसे प्रमाणपत्रावर लिहिलेला खडा घ्या. त्याच पैशात रंग आणि स्वच्छता दोन्ही चांगली मिळते. घरच्यांना गुरूचे रत्न म्हणून न तापवलेलाच हवा असेल तर जास्तीचे पैसे कशासाठी जाताहेत हे नीट समजून द्या.

भिंगाने पाहून बेरिलियम खात्रीने ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतले यंत्रच लागते. मुंबईत जीआयए, आयजीआय, जीआयआय या प्रयोगशाळा आहेत. प्रमाणपत्र हाती आले की ‘नॅचरल’ शब्दावर थांबू नका. बेरिलियमचा खडाही मुळात खाणीतलाच असतो, त्यामुळे ‘नॅचरल’ लिहिलेले खोटे नसते. खाली ट्रीटमेंट किंवा कॉमेंट्स अशी ओळ शोधा. न तापवलेल्या खड्यासाठी तिथे ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ अशा अर्थाचे वाक्य हवे. ती ओळच नसलेले छोटे लॅमिनेटेड कार्ड फक्त खनिज कोणते एवढेच सांगते. तुमच्या दोन खड्यांचा निकाल या एका ओळीवर लागेल.

आणि लिंबू रंगाला कमी लेखू नका. पिवळ्या सोन्याच्या घरात (कोंदणात) बसला की तो एक छटा गडद दिसतो.

प्रश्न : दुकानात पसंत केलेला पुष्कराज घरी आणल्यावर फिकट वाटतो. खडा बदलला असेल का?
— एक वाचक, विलेपार्ले

बहुधा खडा तोच आहे, उजेड बदललाय. सराफी दुकानातले दिवे पिवळट असतात, त्यात सोने खुलते आणि पुष्कराजही. त्यातून खड्याची पुडी पिवळ्या अस्तराची असेल तर तो रंगही खड्यातून दिसतो. खडा पांढऱ्या कागदावर घेऊन दाराशी या, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थेट ऊन टाळून सावलीत. तिथे पाहा, मग आत पांढऱ्या ट्यूबलाइटखाली पाहा. दोन्हीकडे आवडला तरच पुढची बोलणी करा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड या कामाला वाईट नाही. तो पसरट असतो, चमक डोळ्यांवर येत नाही आणि खड्यातली हिरवट किंवा तपकिरी झाक चटकन कळते. ही झाक किंमत उतरवते.

मात्र दोन प्रकारांत रंग खरोखर बदलतो. किरणोत्सर्ग देऊन पिवळे केलेले खडे उन्हात काही तासांत किंवा दिवसांत फिके पडतात. आणि काही नैसर्गिक खडेसुद्धा अतिनील किरणांत गडद होतात, नंतर हळूहळू मूळ फिक्या रंगावर येतात. म्हणजे विकण्याआधी अतिनील दिव्याखाली ठेवलेला खडा तुमच्यासमोर त्याच्या सर्वांत गडद रूपात येऊ शकतो. महागाचा खडा असेल तर प्रयोगशाळेकडे रंगाच्या स्थिरतेची तपासणी मागा.

प्रश्न : ज्योतिषांनी पाच रत्ती सांगितली, सोनार कॅरेटमध्ये बोलतो, आणि मुलीला ‘बोटावर मोठा दिसणारा’ हवा. मेळ कसा घालावा?
— एक पालक, डोंबिवली

आधी रत्ती बाजूला काढू. सोनाराची रत्ती म्हणजे गुंज, जुन्या तोळ्याचा ९६ वा भाग, साधारण १२१.५ मिलिग्रॅम. रत्नांच्या बाजारातली रत्ती १८० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. तेव्हा ‘पाच रत्ती’ म्हणजे एका हिशेबाने ३ कॅरेट आणि दुसऱ्याने साडेचार! ज्योतिषांना मिलिग्रॅम विचारून घ्या आणि पुढचा सगळा व्यवहार कॅरेटमध्येच करा.

आता मोठे दिसण्याबद्दल. इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बोटावर खड्याची लांबी-रुंदी दिसते. वजन पोटात, म्हणजे खड्याच्या खालच्या भागात, लपते. लंबगोल खड्याचे अंदाजे वजन काढायची सोपी रीत आहे : लांबी × रुंदी × खोली, सगळे मिलिमीटरमध्ये, आणि त्याला ०.००८ ने गुणायचे. ८ × ६ मिमीचा खडा ४ मिमी खोल असेल तर उत्तर येते सुमारे १.५४ कॅरेट. तोच ५ मिमी खोल असेल तर १.९२. तोंडाकडून दोघे सारखेच दिसतात, पण दुसऱ्यात जवळपास ०.४ कॅरेटचे पैसे सोन्याखाली गाडले जातात. शिवाय फुगीर पोटाच्या खड्याला घर उंच करावे लागते आणि अंगठी सगळीकडे अडकते. श्रीलंकेत पैलू पाडताना वजन वाचवण्यासाठी पोट ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे सिलोनी माल पाहताना खडा आडवा धरून बघाच. खोली रुंदीच्या ६० ते ७५ टक्के असेल तर ठीक समजावे.

उलट फार उथळ खड्याला ‘खिडकी’ पडते. खडा तोंड वर करून छापील कागदावर ठेवा. मधोमध खालची अक्षरे वाचता आली तर प्रकाश परत न फिरता आरपार जातोय. पुष्कराजात खालचे पैलू साधारण ४० अंशांच्या उतारावर असले तर प्रकाश उलटून वर येतो. उतार फार कमी झाला की निसटतो. अशा खड्याचा मधला भाग बोटावर पाणचट दिसतो, आणि घरात कितीही सोने भरले तरी हा दोष जात नाही.

हिऱ्याशी तुलना करून फसू नका. कोरंडम हिऱ्यापेक्षा जड आहे. ६.५ मिमी व्यासाचा गोल हिरा साधारण १ कॅरेटचा असतो, त्याच मापाचा पुष्कराज त्याहून जड भरतो. म्हणून जाहिरात पाहताना आधी मिलिमीटर वाचा. भाव २, ३, ५ कॅरेट अशा पूर्ण आकड्यांना उडी मारतो, १.९० चा खडा २.०० च्या खड्याइतकाच दिसतो. साखरपुड्याच्या अंगठीला ७ × ५ ते ८ × ६ मिमीचा लंबगोल बहुतेक बोटांवर शोभतो.

प्रश्न : अंगठी २२ कॅरेटमध्ये करावी की १८? मी रोज लोकलने जाते, अंगठी काढून ठेवणार नाही.
— एक वाचक, ठाणे

१८ कॅरेट. २२ कॅरेटचे सोने मऊ असते. लोकलची दांडी, पर्सचा पट्टा, ओढणी यांत अडकून खडा धरणारे पंजे थोडे थोडे उघडतात, आणि एक दिवस खडा जातो. १८ कॅरेटचे पंजे आकार धरून ठेवतात. चार पंजे चालतात, सहा असले तर एक उघडला तरी बाकीचे खडा सांभाळतात. तुमच्या रोजच्या धकाधकीला आम्ही सहा पंजे किंवा भोवती पट्टीचे बंद घर सुचवू. टोकदार आकार (पेर, मार्कीज) घ्यायचा असेल तर टोकावर व्ही आकाराचा पंजा हवाच, कारण टवका तिथूनच उडतो.

पुष्कराजाचा कठीणपणा मोह्‌स मोजपट्टीवर ९ आहे. शहरातल्या धुळीत क्वार्ट्झ असते, ते ७ वर. त्यामुळे धुळीने पुष्कराजावर ओरखडे पडत नाहीत. हिरा मात्र त्याला ओरखडतो. शेजारच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालू नका आणि डबीही वेगळी ठेवा.

मागची बाजू उघडी ठेवा. बंद तळाशी साबण आणि तेल साचते आणि महिन्याभरात खडा मळकट होतो. खड्याचा त्वचेला स्पर्श हवाच असेल तर घडणीआधी कारागिराला सांगा, तयार साच्याच्या अंगठीत तो सहसा होत नाही. पांढरे सोने निवडलेत तर त्यावरचा रोडियमचा मुलामा रोजच्या वापरात एक-दोन वर्षांत उतरतो आणि पुन्हा चढवावा लागतो. प्लॅटिनममध्ये ही कटकट नाही.

दर महिन्याला अंगठी कानाशी धरून बोटाने टिचकी मारा. खडखडली तर घालू नका. जुन्या सुती कापडावरून फिरवा, धागा अडकला तर पंजा उचललाय. धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे.

एक गोष्ट दुरुस्तीच्या वेळी सांगायचीच. अंगठी लहान-मोठी करताना टाका मारतात, तेव्हा खड्यावर टाकणखार किंवा बोरिक पावडर लागू देऊ नका. हिऱ्याला ती चालते म्हणून कारागीर सवयीने लावतो. तापलेल्या कोरंडमचा पृष्ठभाग मात्र तिने खाल्ला जातो आणि पैलू धुरकट होतात. शिवाय काही न तापवलेल्या खड्यांचा रंग आचेने बदलू शकतो. खडा काढूनच टाका मारा असे सांगा, मजुरी थोडी जास्त पडली तरी.

प्रश्न : आजीच्या अंगठीतला पुष्कराज सुनेसाठी नव्या अंगठीत बसवायचा आहे. खरा आहे का हे घरी कळेल? दुधात ठेवून पाहतात म्हणे.
— एक वाचक, गिरगाव

दुधाने काहीच कळत नाही. पुष्कराज, टोपाझ, काच, सगळे दुधात सारखेच वागतात. जुन्या काळी टोपाझलाही पुष्कराजच म्हणत, आणि सिट्रिन (‘सुनेला’ नावाचा पिवळा खडा) हाही त्याच नावाने विकला जाई. त्यामुळे आजीला कुणी फसवले असे लगेच धरू नका.

वजनाची परीक्षा मात्र उपयोगी आहे. खडा अंगठीतून काढून घ्या आणि ज्यांच्याकडे कॅरेटचा काटा आहे त्यांच्याकडे आधी हवेत, मग बारीक तारेच्या टोपलीत पाण्यात बुडवून तोलून घ्या. समजा हवेत ३.२० कॅरेट भरला. पाण्यात वजन ०.८० ने घटले तर कोरंडम; सुमारे ०.९१ ने घटले तर टोपाझ, १.२१ ने घटले तर सिट्रिन. पाण्याचे बुडबुडे खड्याला चिकटले तर आकडा चुकतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात.

कोरंडम निघाला तरी एक शंका उरते. कृत्रिम कोरंडम बनवण्याची ज्वालेची पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुईने १९०२ मध्ये जाहीर केली, म्हणजे आजीच्या तरुणपणी असे खडे सर्रास मिळत. त्याचे घटक आणि वजन अस्सलसारखेच असते. ओळख पटते ती आतल्या वक्र रेषांवरून आणि हवेच्या गोल बुडबुड्यांवरून. पिवळ्यात त्या रेषा दिसणे फार कठीण, निळे फिल्टर लावून शोधाव्या लागतात. हे प्रयोगशाळेचे काम.

टोपाझ निघाल्यास टाकून देऊ नका, पण साखरपुड्याच्या अंगठीत बसवू नका. तो ठरावीक दिशेने एका ठोक्यात सरळ दुभंगतो. त्याचे पेंडंट करा, गळ्यात सुरक्षित राहील.

प्रश्न : बिलात काय काय पाहावे?
— अनेक वाचक

सोन्याचे वजन खडा वजा करून लावले आहे का. २ कॅरेटचा खडा ०.४ ग्रॅम असतो. तो वजा केला नाही तर खड्याचे पैसे देऊन वर त्याच वजनाचे सोन्याच्या भावानेही देता. हॉलमार्कमध्ये बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, १८ कॅरेटसाठी ७५०, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) हवा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो.

खड्यासाठी वेगळी ओळ मागा : नैसर्गिक यलो सफायर (म्हणजे पुष्कराज), कॅरेट वजन, तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये, तापवलेला की न तापवलेला, प्रमाणपत्राचा क्रमांक. नुसते ‘पुखराज १ नग’ लिहिलेल्या बिलावर पुढे भांडता येत नाही. शक्य असेल तर खडा सुटा घ्या, तुमच्या पसंतीच्या प्रयोगशाळेत तपासून वेगळा निघाल्यास पूर्ण पैसे परत अशी अट मुदतीसह बिलावर लिहून घ्या, आणि अहवाल आल्यावरच तो कारागिराच्या हाती द्या. अहवालाला लागणारे दिवस आणि घडणीचे दिवस धरून साखरपुड्याच्या दीड-दोन महिने आधी बाजारात जा. घाईत गेलात तर ‘आता बसवून घ्या, सर्टिफिकेट मागून देतो’ हे ऐकावे लागेल, आणि बसवलेल्या खड्याचे वजन व खोली पुन्हा नीट मोजता येत नाही.