लॉनचं नंतर बघू, आधी ते पॉलिसीचं पाकीट बाहेर काढा

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक जुळे सोलापुरात राहतात, वय ५८. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून नोव्हेंबरमध्ये निवृत्त झाले. ५ डिसेंबरला पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून ४२ लाख खात्यात आले. पेन्शन महिना साडेचार हजार, घरखर्च २८ हजार. बंगल्याभोवती लॉन, पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि दिवे असं साडेचार लाखांचं कोटेशन आलंय. फेब्रुवारीअखेर निम्मे पैसे दिले तर १५ टक्के सूट. मुलगा टोरांटोत असतो, मे महिन्यात नातवंडांना घेऊन येणार आहे. "हिवाळ्यातच काम देऊन टाका, स्वस्त पडतं," असं त्याचंही म्हणणं. तर बाग आत्ता करावी की पावसाळ्यानंतर?

बागेकडे येतोच. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय: "६ लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून एकदाच भरायच्या योजनेत टाकले आहेत, साडेआठ टक्के हमी, दहा वर्षांत दुप्पट, करमुक्त." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलात, हे फार बरं केलंत. त्यावर स्पष्ट छापलंय: हप्त्याची पद्धत वार्षिक, हप्ते भरण्याचा कालावधी १० वर्षे. ही एकदाच भरायची योजना नाही. येत्या डिसेंबरात पुन्हा ६ लाख, त्याच्या पुढच्या डिसेंबरात पुन्हा ६ लाख. दहा वर्षांचे ६० लाख. तुमच्याकडे एकूण ४२ होते. घरात एक रुपयाही खर्च न करता भरत राहिलात तरी सातव्या हप्त्याला सगळे संपतात.

बाकीची आश्वासनंही तपासू. साडेआठ टक्क्यांनी पैसे साडेआठ वर्षांत दुप्पट होतात. दहा वर्षं लागत असतील तर दर सव्वासात टक्के झाला. म्हणजे सांगणाऱ्याची दोन वाक्यंच एकमेकांशी जुळत नाहीत. करमुक्तीचं तर विचारूच नका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पारंपरिक, म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की मुदतीनंतर मिळणाऱ्या फायद्यावर कर लागतो. तुमचा हप्ता ६ लाख आहे. विक्री करणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्यानं विकू नये, आणि माहीत असूनही विकलं असेल तर ती सरळ फसवणूक आहे. "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा," असंही त्यांनी सांगितलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. आयुष्यभराची कमाई हातात आलेल्या माणसाशी असं वागणारे पाहिले की माझा संताप होतो.

आता दिलासा. पॉलिसीचं पाकीट तुम्हाला संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला मिळालं. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. थोडा विम्याचा खर्च, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. तुमची ३० दिवसांची मुदत म्हणजे १२ फेब्रुवारी. पण तीच पॉलिसी ईमेलवर आधी आली असेल तर कंपनी ती तारीख धरेल, म्हणून या आठवड्यातच जा. बँकेत नाही, विमा कंपनीच्या शाखेत. लेखी अर्ज, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक, आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच. तोच अर्ज कंपनीला ईमेलही करा. बँकेतले साहेब "तीन वर्षं भरा, मग बघू" किंवा "दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो" म्हणतील. दोन्हीला नाही म्हणा. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा नियामकाकडे (IRDAI) १५५२५५ वर किंवा त्यांच्या 'बीमा भरोसा' (Bima Bharosa) पोर्टलवर तक्रार करा. तिथंही भागलं नाही तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. ही तारीख हुकली तर नंतर पॉलिसी सरेंडर करताना, म्हणजे मुदतीआधी मोडताना, यातली मोठी रक्कम जाते.

दुसरी तारीखही जवळ आली आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतर मिळते. पण ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. म्हणजे तुम्हाला ५ मार्चच्या आत. कंपनीकडून निवृत्तीचं आणि मिळालेल्या रकमेचं पत्र आजच मागा, एचआरवाले वेळ लावतात. कमाल ३० लाख, सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला साडेएकसष्ट हजार.

हिशेब असा बसतो. वर्षाचा घरखर्च ३ लाख ३६ हजार, पेन्शन ५४ हजार, तूट २ लाख ८२ हजार. ज्येष्ठ नागरिक योजनेतून २ लाख ४६ हजार. वहिनींच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी आणखी ३७ हजार. जेमतेम जुळतं, तेही आजच्या भावानं. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांनी हाच खर्च ५६ हजार होईल. "लागलं तर मुलगा आहेच" हे वाक्य मी हिशेबात धरत नाही, तुम्हीही धरू नका. त्याचं तिकडचं घरभाडं आणि मुलांचा खर्च आहे. कारखान्यात सल्लागार म्हणून किंवा अर्धवेळ दोन-तीन वर्षं काम मिळत असेल तर घ्या. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला का, तेही विचारा. संपला असेल तर दोघांचा आरोग्य विमा बागेच्या आधी.

म्हणजे पॉलिसीचे ६ लाख परत आले असं धरून ४२ मधले उरले ७ लाख. ३ लाख अडीअडचणीला बँकेत. राहिलेल्या ४ मधून साडेचार लाखांची बाग बसत नाही, आणि सूट धरली तरी जवळजवळ सगळे ४ लाख त्यातच जातात.

मुलाचा सल्ला टोरांटोपुरता बरोबर आहे. तिकडे थंडीत जमीन गोठते, कंत्राटदार रिकामे असतात, म्हणून ते हिवाळ्यात बुकिंग घेतात आणि बर्फ गेल्यावर काम करतात. आपल्याकडे फेब्रुवारीत लावलेलं रोप लगेच एप्रिल-मेच्या ४०-४२ अंशांत सापडतं. कोटेशनमध्ये झाडं मेली तर बदलून देण्याची हमी तीन महिन्यांची आहे, ती नेमकी मेअखेरीस संपते. पाण्याचंही बघा. तुमचं बोअर मार्चमध्ये आटतं, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. ८०० चौरस फुटांच्या लॉनला उन्हाळ्यात रोज ४०० लिटर लागतं, महिन्याला १२ हजार लिटर. पाच हजार लिटरचा टँकर तुमच्याकडे हजार रुपयांना पडतो. चार महिन्यांचे टँकर दहा हजार, माळी दीड हजारानं वर्षाचे अठरा. म्हणजे सुमारे २८ हजार, पूर्ण एका महिन्याचा घरखर्च, दर वर्षी.

लॉन आणि कारंजं काढून टाका. मेमध्ये काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरून घ्या. त्या भरावानं एक पावसाळा खाल्ला की दिवाळीनंतर पेव्हर बसवा. आधी बसवलेत तर काळी माती फुगून-आकसून ते वरखाली होतात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की जुलैत कडुनिंब, बहावा, चाफा लावा. एवढं दीड लाखाच्या आत बसवता येतं. आणि मेमध्ये नातवंडं येतील तेव्हा अंगणात रंग हवा असेल तर फुललेल्या बोगनवेलीच्या मोठ्या कुंड्या आणा. ती कडक उन्हातच फुलते, पाणीही कमी मागते. दहा-बारा हजारांत दारासमोरची बाजू भरून जाईल.

कंत्राटदाराला अजून काही दिलं नसेल तर देऊ नका. सूट ६७ हजारांची दिसते, पण ती मिळवायला आधी जवळजवळ दोन लाख आगाऊ द्यायचे आहेत. त्याला लॉन, कारंजं, दिवे वगळून नवं कोटेशन मागा. मुरूम, पेव्हर आणि झाडं यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या, आणि पैसे त्या त्या कामानंतरच द्या.