‘आपण परत जाऊ या का?’ : मिसिसागातल्या एका घराची गोष्ट

‘इथे आल्यापासून आमच्यात रोज भांडणं होतात. पुण्यात असं कधीच नव्हतं. आम्ही परत यावं का?’

समुपदेशक म्हणून परदेशी गेलेल्या मराठी जोडप्यांकडून मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हा आहे. विचारणारे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतले असतात. कागदोपत्री सगळं जमलेलं असतं, मुलांची शाळा सुरू झालेली असते, गावाकडे पेढे वाटून झालेले असतात, आणि घरात मात्र संध्याकाळ झाली की धुसफूस सुरू होते. याचं उत्तर मी एका घराच्या आधाराने देते. त्या दोघांना विचारून लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैशाली सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. हेमंत चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर, हाताखाली दीडशेच्या वर माणसं. कॅनडाच्या पी.आर.चा (तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याचा) अर्ज वैशालीच्या नावाने केला होता, कारण अर्जासाठी धरले जाणारे गुण तिचे जास्त भरत होते. हेमंत आणि नऊ वर्षांची सई तिच्या अर्जावर आले. टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं. वैशालीला काही महिन्यांतच डाउनटाउनमध्ये नोकरी मिळाली. हेमंतने ढिगाने अर्ज केले. दोन-चार ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, पण सगळीकडे तोच प्रश्न आला: इथला अनुभव काय? शेवटी एका एजन्सीमार्फत तो वेअरहाउसमध्ये लागला. रात्री दहा ते सकाळी सहा, खोकी स्कॅन करून लावायची.

पहिल्या भेटीत त्यांनी भांड्यांचं भांडण आणलं. (आमच्या भेटी ऑनलाइन, त्यांची शनिवार सकाळ आणि माझी पुण्यातली संध्याकाळ.) वैशाली म्हणाली, ‘मी दिवसभर काम करून येते, तर सिंक तसंच. मग मी काही बोलले की म्हणतो, तुलाच यायचं होतं इथे.’ हेमंत म्हणाला, ‘ताई, मी सकाळी पोरीचा डबा करतो, तिला शाळेत सोडतो, तीनला घेऊन येतो. मधे झोपतो किती, ते हिने एकदा मोजावं.’ दोघांचंही खरं होतं. पुण्यात धुणं-भांड्याला मावशी होत्या, पोळ्यांना बाई होत्या, सासूबाई वर्षातले सहा महिने असायच्या. पुण्यातलं लग्न या चार-पाच माणसांच्या हातांवर उभं होतं, हे बऱ्याच जोडप्यांच्या इकडे असताना ध्यानातच येत नाही. परदेशी गेल्यावर तेवढंच काम दोघांवर पडतं, आणि वाटतं की जोडीदार बदलला.

असं भांडण पुढे आलं की मी आधी दोघांशी एकेकट्याने बोलते. मारहाण होते का, दारू वाढली आहे का, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे थेट विचारते. यातलं काही असेल तर वेळापत्रकं आणि कामाची वाटणी बाजूला ठेवायची. कॅनडात जिवावर बेतलेल्या मानसिक संकटात ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, तातडीच्या धोक्याला ९११ आहे, आणि जवळच्या मदतसंस्था शोधायला २११. एक गोष्ट बायकांनी पक्की लक्षात ठेवावी: पी.आर. एकदा मिळाला की तो नवऱ्यापासून वेगळं झालं म्हणून जात नाही. मार खात राहण्याचं ते कारण असू शकत नाही. या घरात तसं काही नव्हतं. हेमंतची झोप मात्र फारच बिघडली होती. डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो; रात्रपाळीचा माणूस उठून पोरीला शाळेतून आणून हातपाय धुतो, तोवर बाहेर अंधार. त्यासाठी त्याला मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

मग दोघांना सांगितलं, एका आठवड्याचा दिवसक्रम वेगवेगळ्या कागदांवर लिहा, एकमेकांना न दाखवता. कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की दोघंही जागे आणि घरात असतात ते संध्याकाळी साडेसहा ते सव्वानऊ. त्याच वेळात स्वयंपाक, जेवण, सईचा अभ्यास, दुसऱ्या दिवशीची तयारी. आणि त्याच वेळात, साधारण साडेआठला, सांगलीचा फोन. उन्हाळ्यात तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे सकाळचे सहा. हेमंतचे वडील, अण्णा, चहाचा कप घेऊन फोनसमोर बसलेले असायचे.

वैशालीच्या कागदावर त्या फोनसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. हेमंतच्या कागदावर ती ओळ लिहून खोडलेली होती. मी विचारलं तर म्हणाला, ‘काही नाही, घरचे असतात.’ मी पुढच्या भेटीपर्यंत थांबले. तेव्हा वैशालीनेच सांगितलं. हेमंतने अण्णांना कळवलं होतं की तो एका मोठ्या लॉजिस्टिक्स कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर आहे. अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. ओव्हरटाइम करून त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं. सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींत ‘आमचा हेमंत कॅनडात मॅनेजर’ हे रोजचं झालं होतं. रोज साडेआठला हेमंत इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसायचा, न घडलेल्या ऑफिसच्या गोष्टी सांगायचा, आणि फोन ठेवून गोदामाचे बूट चढवायचा. वैशाली शेजारी उभी राहून हं हं करायची. सईलाही ताकीद होती. भांडणं रोज त्या फोननंतरच व्हायची. कधी भांड्यांवरून, कधी दुधावरून, कधी दुपारी व्हॅक्युम लावला म्हणून, पण वेळ तीच.

आता अण्णांनी नवं काढलं होतं. त्यांना सुपर व्हिसावर यायचं होतं. या व्हिसावर आई-वडिलांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत मुलांकडे राहता येतं. मात्र बोलावणाऱ्याने ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं आणि येणाऱ्याचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. वैशालीच्या पगारावर ते भागलं असतं. पण अण्णा कागदांत चोख. ‘तुझ्या कंपनीचं पत्र पाठव, नोकरीचं,’ म्हणून त्यांनी धोशा लावला. हेमंत टाळत गेला. सासू-सासरे नकोत म्हणून आपल्यावर खापर फुटतंय असं वैशालीला वाटू लागलं, आणि हेमंत त्यावर गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा तिला जो राग होता, तो वर्षभराच्या सगळ्या भांडणांपेक्षा मोठा होता. मला तो अगदी रास्त वाटला, आणि मी तसं हेमंतला सांगितलं.

इथे मला जे ठामपणे वाटतं ते सांगते. स्थलांतर केलेल्या घरात ‘आपण परत जाऊ या का’ हा प्रश्न प्रत्येक लहान कुरबुरीच्या तळाशी असतो. सिंकमध्ये भांडी राहिली की त्यातून ‘इथे येणं चुकलं’ निघतं. मग कोणी मागे हटायला तयार नसतं, कारण हरलं तर भांडी घासण्यापुरतं हरणं नसतं. सगळा निर्णयच आपल्या अंगावर येतो. त्यामुळे मी जोडप्यांना या प्रश्नाला स्वतःची तारीख द्यायला सांगते. या दोघांनी पुढच्या जूनचा शेवट ठरवला. तोवर स्वयंपाकघरात, पोरीसमोर आणि फोननंतर हा विषय काढायचा नाही. महिन्यातून एका रविवारी दुपारी चहा घेऊन बसायचं, वहीत दोन्ही बाजू लिहायच्या, आणि वही मिटायची.

हेमंतला वाटत होतं की एवढं लांबवलं तर परतीचं दार बंद होईल, किंवा आत्ता गेलो तर पी.आर. लगेच जाईल. या भीतीने खूप घरं पोखरली जातात, म्हणून नियम नीट माहीत असावा. पी.आर. टिकवायला दर ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहणं पुरतं, आणि ते दिवस सलग असावे लागत नाहीत. नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर आधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस लागतात. म्हणजे याच महिन्यात निकाल लावायची गरज त्यांना कायद्याने नव्हती.

दुसरं काम हेमंतच्या नोकरीचं. मी नोकरीतज्ज्ञ नाही, पण माणूस खचलेला असताना त्याला पुढची पायरी दाखवणंही समुपदेशनातच येतं. पी.आर. असलेल्यांना सरकारी मदतीवर चालणाऱ्या सेटलमेंट संस्थांत (नव्याने आलेल्यांना बस्तान बसवायला मदत करणाऱ्या) नोकरीचं मार्गदर्शन मोफत मिळतं. तिथे जाणं त्याला कमीपणाचं वाटत होतं, ‘तिथे निर्वासित जातात’ म्हणायचा. वैशाली सोबत गेली. तिथे त्याला कळलं की ओंटारिओत इंजिनिअरचा परवाना देणाऱ्या संस्थेने मे २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली आहे, भारतातला अनुभव धरला जातो. शिवाय कारखान्यातल्या बऱ्याच कामांना तो परवाना लागतही नाही. त्याचा बायोडेटा तिथल्या पद्धतीने पुन्हा लिहिला गेला. टोरांटोच्या आसपास ऑशावा, केंब्रिज, वुडस्टॉक या भागांत मोटारींचे कारखाने आहेत, आणि चाकणमध्ये चौदा वर्षं काढलेल्या माणसाला त्या कामाची भाषा येत होती.

अण्णांना खरं सांग, असं मी त्याला म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘कळल्यावर ते काय म्हणतील अशी भीती आहे?’ तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘ते म्हणतील, मग मी ओव्हरटाइम कशाला केला?’ त्या दिवशी बाकी काही झालं नाही, आणि व्हायची गरजही नव्हती.

काही आठवड्यांनी त्याने एका रविवारी फोन लावला, शर्टाशिवाय, घरातल्या टीशर्टवर. सगळं सांगितलं. वाचणाऱ्यांना वाटेल, वडील गहिवरले असतील. तसं झालं नाही. अण्णा म्हणाले, ‘मग इथं काय कमी होतं?’ आणि फोन ठेवला. पुढे बरेच दिवस आईच बोलायची, तीही रडत. हेमंत त्या काळात माझ्यावर रागावला होता. मला हे इथे मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण खरं बोलल्याचं बक्षीस लगेच मिळतं या आशेवर कोणी बोलू नये. पण घरात फरक पडला. साडेआठचं नाटक थांबलं. वैशालीला रोजचं खोटं राखावं लागेना, सईच्या तोंडावरची पट्टी निघाली. फोन रविवारवर गेला आणि आठवड्याच्या बाकी संध्याकाळी त्यांना मोकळ्या मिळाल्या. भांडी तरीही राहायची. पण भांड्यांवरचं भांडण भांड्यांवरच संपायला लागलं.

सईबद्दल थोडं. अबोल्याच्या दिवसांत दोघंही तिच्याकरवी बोलायचे: ‘बाबांना सांग दूध संपलंय’, ‘आईला विचार कधी येणार.’ हे मी पहिल्याच महिन्यात बंद करायला लावलं. नऊ वर्षांच्या मुलीने घरातला निरोप्या होऊ नये. ती उत्तरं इंग्रजीत द्यायची, डब्यातली भाजी परत आणायची, आणि ब्रेड मागायची. वैशालीला यात आपलं सगळं हातातून जातंय असं दिसत होतं. नव्या शाळेत मिसळू पाहणारं मूल हेच करतं. आपण घरात मराठीतच बोलत राहायचं, उत्तर इंग्रजीत आलं तरी रागवायचं नाही. डब्याचं म्हणाल तर तिथे जेवायला वेळ फार कमी मिळतो. पोळी-भाजीचा रोल केला, डबा संपू लागला. मंडळाच्या गणपतीत तिने नाटुकल्यात काम केलं, तेव्हा संवाद पाठ करायला तिने बाबांनाच बसवलं.

पुढच्या वसंतात हेमंतला केंब्रिजजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात दिवसपाळीचं काम मिळालं. पद चाकणपेक्षा बरंच खालचं, तिशीतला सुपरवायझर त्याला सूचना देतो. ते त्याला अजून बोचतं, आणि तसं तो सांगतो. आता तो रात्री झोपतो.

जूनमध्ये त्यांनी वही काढली. वैशालीच्या पानावर परत जाण्याच्या बाजूने हेमंतपेक्षा जास्त कारणं निघाली, याचं त्याला फार नवल वाटलं. तिला तिची आई, तिचा पुण्यातला मैत्रिणींचा गट, आणि दुसऱ्या कोणी केलेल्या दोन गरम पोळ्या हव्या होत्या. नोकरी आधी आपल्याला मिळाली, त्यामुळे हे बोलायचा हक्कच आपल्याला नाही असं ती समजत होती. त्या दुपारी दोघं बऱ्याच दिवसांनी एकाच बाजूला बसून बोलले. दोन वर्षं राहायचं आणि मग पुन्हा वही उघडायची, असं ठरलं. वैशालीने दर शनिवारचा सकाळचा वेळ स्वतःसाठी ठेवला, तेव्हा घर हेमंत आणि सई बघतात.

अण्णा दिवाळीत बोलायला लागले. सुरुवातीला फक्त हवामान विचारायचे. मग एकदा मशीनबद्दल विचारलं, कुठल्या बनावटीची, किती टनांची, आणि बापलेक तासभर त्यावर बोलत बसले. सुपर व्हिसाचा अर्ज आता दोघांच्या पगारांवर गेला आहे. दोन खोल्यांत पाच माणसं कशी राहतील, बर्फात अण्णांचं सकाळचं फिरणं कुठे व्हायचं, स्वयंपाकघर कोणाच्या ताब्यात असेल, यावर सध्या आमच्या शनिवारच्या भेटी चालू आहेत.