उन्हाळ्यात वाफा किती उंच घ्यावा?

प्रश्न: आमच्या घरामागे १० बाय १२ फुटांची मोकळी जागा आहे. माती काळी, चिकट. गेल्या एप्रिलमध्ये तिला बोटबोट भेगा पडल्या आणि भेंडी करपून गेली. यंदा विटा रचून दोन फूट उंच गादीवाफे करा, असं शेजारी सुचवतात. त्यांत काय भरू आणि काय लावू?
– एक वाचक भगिनी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर: ताई, दोन फूट नको, सहा इंच पुष्कळ झाले. गादीवाफ्याची उंची खरी कामाला येते ती पावसाळ्यात, कारण तेव्हा काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकला की तोच उंच वाफा चारी बाजूंनी सुकतो. विटा तापतात आणि कडेची रोपं आधी माना टाकतात. शेतकरी उन्हाळी भाजीला सपाट वाफा किंवा सरी काढतात, ते उगाच नाही. तुम्हीही वर चढवण्यापेक्षा खाली खणा. फूटभर माती मोकळी झाली की मुळं ओलाव्यामागे खाली जातात.

खणायची वेळ मात्र साधायला हवी. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर ढेकळं निघतात आणि वाळल्यावर ती फुटता फुटत नाहीत. पाणी देऊन दोन-तीन दिवस थांबा. मग मूठभर माती दाबून बघा: गोळा झाला आणि बोट टोचताच फुटला, म्हणजे वाफसा आला. हाताला चिकटली तर अजून एक दिवस जाऊ द्या. वाफ्याची रुंदी साडेतीन फूट ठेवा, दोन्ही बाजूंनी हात पोचतो. एकदा खणलेल्या मातीवर पाय द्यायचा नाही.

भरायला बाहेरची माती विकत आणू नका. तुमच्याच मातीचे दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, पालापाचोळ्याचं खत एक भाग. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते घेऊ नका, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. वाफ्याला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: आच्छादन. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात रस्तोरस्ती पानगळ होते आणि लोक ती पानं पेटवून देतात, हे बघून माझा जीव तुटतो. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून दोन पोती मागून घ्या. रसवंतीतली चिपाडंही चालतात, पण आधी उन्हात कडकडीत वाळवा, नाहीतर मुंग्या लागतात. रोपं वीतभर झाली की तीन बोटं जाडीचा थर द्या, फक्त खोडाला भिडवू नका. झाकलेली माती भेगाळत नाही.

बी पाडव्याच्या आत पडू द्या. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, दीड-दीड फुटावरच्या ओळींत वीतभर अंतरावर टोकणा. गवार आणि चवळीला फार लाड लागत नाहीत. पश्चिमेच्या कडेला दोडक्याचा किंवा काकडीचा मांडव घाला, म्हणजे दुपारनंतरची सावली वाफ्यावर पडेल. त्या सावलीत कोथिंबीर निघते, एरवी ती मे महिन्यात हाती लागत नाही. पाणी सकाळीच द्या. बोट पेरभर खुपसून ओल लागली, तर त्या दिवशी देऊच नका.

टोमॅटोची रोपं आता आणू नका. ती फुलावर येईपर्यंत ऊन कडक होतं आणि फुलं गळून जातात. जूनमध्ये वाफ्यात आणखी खत-माती घालून तो फूटभर उंच करा आणि मग टोमॅटो लावा.